वरचा उजवा कोपरा

पुणे,
ता. १२ ऑगस्ट १९७१

ती. सोपानदादास,
धाकट्या बहिणीचा सविनय जयभीम. वि. वि. तुझं कार्ड पोचलं. आई बरी, म्हैस बरी, मळवली स्टेशनातली तुझी रूळ बदलायची पॉइंट्समनची ड्यूटी बरी, हे सगळं तू तीन ओळींत उरकलंस. आबांबद्दल मात्र अक्षर नाही. म्हणजे राग अजून उतरलेला नाही, असंच ना?

जूनमध्ये मास्तरीण व्हायच्या ट्रेनिंगची जागा सोडून मी इथे वाचनालयात चालणाऱ्या ग्रंथपालाच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा आबा काय म्हणाले ते मी विसरलेली नाही. चौदा वर्षं तुंगार्लीला दुसऱ्याच्या बंगल्याची राखण केली, ती लेकीनं दुसऱ्याच्या पुस्तकांची राखण करावी म्हणून नव्हे, असं म्हणाले. त्या दिवसापासून माझं नाव घेत नाहीत. मी अडगळीत टाकलेलं फुटकं भांडं आहे का रे, की नावच काढायचं नाही?

असो. इथलं सांगते. माझं मन कशावर ठरत नाही. सकाळी मराठी टाइपरायटर. बोटं सोलवटून निघतात. त्यात आमच्या यंत्राचा ळ मोडका, अर्धाच उमटतो. त्यामुळे मळवली आणि लोणावळा दोन्ही लंगडी येतात, तुंगार्ली तेवढी धड. दुपारी मात्र सुईचं काम असतं, ते मला लय आवडतं. जाड कार्डं असतात, प्रत्येक पुस्तकाचं एक. कडेनं बारीक भोकं. एक भोक शेतीचं, एक आरोग्याचं, एक इतिहासाचं, असं. पुस्तक शेतीचं असलं की त्या भोकाची कड चिमट्यानं तोडायची. तुमच्या टी.सी.कडे तिकीट तोडायचा चिमटा असतो ना, तसाच. मग शंभर कार्डांचा गठ्ठा घ्यायचा, शेतीच्या भोकातून स्वेटर विणायची लांब सुई घालायची आणि उचलून हलवायचं. कड तोडलेली कार्डं भराभर खाली पडतात, बाकीची सुईला लटकून राहतात. पहिल्यांदा पडली तेव्हा मी वर्गात चक्क ओरडले.

कार्ड उलटंसुलटं लागू नये म्हणून प्रत्येकाचा वरचा उजवा कोपरा तिरका कापलेला लागतो. ते काम माझ्याकडे, रोजची दोनशे कार्डं. हात इतके शिवशिवतात की बसचं तिकीट हातात आलं तरी कोपरा गेलाच म्हणून समज. परवा खाणावळीच्या बाईंना आलेला निरोपाचा कागद कापला, त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

सर सांगत होते की परदेशात हेच काम कपाटाएवढी यंत्रं डोळ्याचं पातं लवायच्या आत करतात. मी विचारलं, मग आम्ही कशाला शिकायचं? ते म्हणाले, पुस्तक कशाबद्दल आहे हे यंत्राला आधी कुणीतरी सांगावं लागतं. ऐकून बरं वाटलं, पण अर्धा तासच. पुन्हा आपलं तेच. आपण चुकलो तर नाही ना?

आईला सांग, मी दोन्ही वेळा जेवते. आबांना काही सांगू नकोस, किंवा सांग. रागवायचं तर मोकळेपणानं रागव, पण पत्र लिहायचं थांबू नकोस.
तुझी,
शालन

मळवली,
ता. २२ ऑगस्ट १९७१

चि. शालनला,
दादाचा जयभीम आन् आईचे लय लय आशीर्वाद. पत्र वाचून दाखवलं. सुई घालून कार्डं पाडायला पुन्याला जावं लागतं व्हय, असं आई विचारती. मी म्हनलं, आपली शालन हाय, ती बसल्या जागी कायबी पाडंल.

आता आबांचं ऐक. रविवारी घरी आलते. मी पत्र वाचाया बसलो तर उटून भाईर गेले. पर लांब न्हाई गेले, दाराच्या आड हुबे व्हते. पाक शेवटापत्तुर हुबे व्हते, मी सावली बघितली. वाचून झाल्यावर आत येऊन म्हनाले, म्हशीला पानी दावलं का. आता बोल.

दुसरं असं, तुझ्यासाटी आंबी गावचं स्थळ आलंय. गोरख नाव हाय, मॅट्रिक झालाय, मानसं चांगली हायेत. पर त्यास्नी लगीन लगेच पायजे आन् शिकनं-बिकनं पुढं न्हाई म्हनत्यात. वीस सप्टेंबरपत्तुर जबाब मागितलाय. आबांनी व्हय म्हनलं न्हाई, नगंबी म्हनलं न्हाई. माझ्याकडं बघून म्हनाले, तिचं तिला इचार. मी म्हनलं, कुनाला? तर म्हनाले, तुला ठाव हाय कुनाला. नाव काय तोंडातून निघालं न्हाई.

माझं मत इचारशील तर, मन लागत नसंल तर उगा जीव टांगून ठिवू नको, घरी ये. आन् लागत असंल तर रडगानं बंद कर. आबांना एकदा सोताच्या हातानं लिही. त्यास्नी जुळवून जुळवून वाचता येतं, तुला म्हाईत हाय.
खुशाली धाडत जा, न्हाईतर आई मला खाती.
तुझा,
सोपानदादा

पुणे,
ता. ५ सप्टेंबर १९७१

ती. दादास,
जयभीम. वि. वि. गेल्या आठवड्यात तुझी बहीण वर्गाच्या हसण्याचा विषय झाली, ते तुझ्यापासून कशाला लपवू?

चाचणी होती. प्रत्येकाला वीस पुस्तकं. कार्ड टाइप करायचं, विषय ठरवायचा, कड तोडायची. वेळ कमी, माझी सगळी घाई. एका पुस्तकाचं नाव होतं 'भाताचे साठ प्रकार'. मी म्हटलं, वा! हे तर आपल्या घरचं. शेतीच्या भोकाची कड खटकन तोडली आणि पुढं गेले.

मग सरांनी सगळ्यांसमोर सुई घातली, गठ्ठा हलवला. खतं पडली, विहिरी पडल्या, बैलांचे आजार पडले आणि त्यात हे माझं कार्ड. सरांनी पुस्तक उघडून पहिलं पान मोठ्यानं वाचलं. वांगीभात! पुढं मसालेभात, नारळीभात. दादा, स्वयंपाकाचं पुस्तक होतं ते. एकीनं विचारलं, मावळात काय उभं पीक खातात का? सगळे खो खो हसले. आपल्याकडे भात म्हटलं की आधी शेत डोळ्यांपुढं येतं, पानात वाढलेला नंतर. या लोकांच्या डोळ्यांपुढं पानातलाच येतो, आणि इथं तेच बरोबर. सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले की, जो पुस्तक उघडून बघत नाही त्यानं सुई हातात धरू नये. ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यांचं चुकलं नाही, हेच मला सहन होत नाही. मला वाटत होतं, यंत्र, सुई, चिमटा सगळं येतंय म्हणजे काम येतंय. कशाचं काय! तेव्हापासून रोज ठरवते की सोडते, आणि रोज ठरवते की नाही सोडत. पुस्तकांच्या दोन रांगांमधून उगाच येरझाऱ्या घालते. आबांचंच खरं होतं का रे?

आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस. माझ्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस, सध्या तेवढाच पुरवठा आहे.
तुझी,
शालन

(टाइप केलेलं कार्ड)

पुणे, ता. १३ सप्टेंबर १९७१
ती. आबांस, जयभीम. वि. वि. तुमचंच बरोबर होतं. मला हे काम जमत नाही. मी हरले. आंबीच्या पाहुण्यांना होय कळवा. शनिवारी सामान घेऊन येते. तुमच्याशी बोलायला तोंड नाही म्हणून हे लिहिते.
शालन

पुणे,
ता. १५ सप्टेंबर १९७१
(आबांच्या हाती)

ती. दादा, आई,
मी जिवंत आहे. ठणठणीत आहे. तिकडे रडारड चालली असेल तर आधी ती थांबवा, मग पुढचं वाचा.

तुंगार्लीला आबांना मी कार्ड टाकलं होतं. हातानं लिहायला बसले की रडू येई, म्हणून टाइप केलं. टपालात टाकण्याआधी कात्री हातात होती, बाजूला कार्डांचा गठ्ठा होता, आणि माझ्या या मेल्या हातांनी त्याचाही वरचा उजवा कोपरा कापला. शपथेवर सांगते, मला कळलंसुद्धा नाही. मयताच्या कार्डाचा कोपरा फाडतात, ते कुणी घरात नेत नाही, हे काय मला नवीन आहे? पण हात कुठला विचार करतो!

पोस्टमन गेणूनं ते फाटकातच आबांच्या हातात दिलं आणि मान खाली घालून निघून गेला. पुण्याचं कार्ड, कोपरा नाही, टाइपची सरकारी अक्षरं. आबांना खाली 'शालन' एवढं दिसलं. पुढचं काही वाचायचं धाडस झालं नाही. तसेच स्टेशनवर गेले, दादा. पायात काही नव्हतं.

कार्डावर मी वाचनालयाचा पत्ता टाइप केला होता; पुण्यात ते कार्ड दाखवत रस्ता विचारत आले. कोपरा बघून कुणी ते हातात घेईना. पत्ता लांबूनच वाचायचे आणि रस्ता दाखवायचे. आम्हाला पाळीनं वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलाशी बसवतात, तशी मी पुस्तकं देत होते. वर बघितलं तर दारात आबा, अनवाणी, हातात कोपरा कापलेलं कार्ड. मला वाटलं, आई गेली! मी ओरडले, आई? आणि आबा मला बघून मटकन खालीच बसले. ते माझ्यासाठी रडतायत, मी आईसाठी रडतेय, आणि सगळं वाचनालय पुस्तकं मिटून आमच्याकडे बघतंय. मी त्यांच्या हातातलं कार्ड ओढून घेतलं, तर मजकुरात मोडका ळ! माझंच कार्ड. मला हसू फुटलं आणि ते थांबेना. आबांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

मग ते म्हणाले, वाच. काय लिहिलंय ते वाच. सुटका नव्हती. वाचलं. मी हरले, हे त्यांच्या तोंडावर वाचताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते बाकावर जाऊन बसले. सरांनी पाणी दिलं, तर उठून उभे राहून प्यायले. दोन तास मी पुस्तकं दिली-घेतली, ते नुसते बघत होते. आता निघायला उठलेत, तर विचारलं, जेवलीस का. बस्स.

शनिवारी येऊ की नको, ते मला अजून कळलेलं नाही. मला विचारायची हिंमत झाली नाही. तूच त्यांच्याकडून काढून घे. इथे माझा पाय ठरत नाही. लगेच लिही, शिव्या घातल्यास तरी चालतील.
तुमची,
शालन

मळवली,
ता. १७ सप्टेंबर १९७१

चि. शालन,
शिव्या आईनं तोंडपाट करून ठिवल्यात, आल्यावर घाल म्हनती. अगं भवाने, गेणूनं लोनावळ्यात सांगितलं, तितनं सांजच्याला वस्तीवर कळलं. आईला घिऊन बाया ठेसनावर गोळा झाल्या. कोपरं कापायचं तुझं काम मीच वाचून दाखवलेलं, पर त्या घडीला कुनाच्याबी ध्यानात आलं न्हाई. मी ड्यूटी सोडून पुन्याची गाडी धरनार, तेवढ्यात समोरच्या गाडीतनं आबा उतरले. आई धावत सामोरी गेली. तर आबा म्हनाले, शालन बरी हाय, वाळलीया थोडी. समद्यांनी ऐकलं. आई रडायची थांबली ती त्या नावानं.

बंगल्याचं फाटक दिवसभर सताड उघडं व्हतं. चौदा वर्सांत पयल्यांदा. मालक काल येऊन बोलून गेला. आबा म्हनाले, बोलू दे.
सोबत आबांचा कागद हाय. दोन दिस बसून लिवलाय, मला हात लावू दिला न्हाई. सांभाळून वाच. बाकी सगळे खुशाल, तूबी तशीच ऱ्हा.
सोपानदादा

चि. शालन,
जयभीम. मी पयलं पत्र लिवतोय. चुकलं तर हसू नको.

आंबीला नगं म्हनून कळवलं. तू शनवारी येऊ नको. परीक्षा दे.

मी तितं बसून बघितलं. एक म्हातारा आला, त्यानं काय तरी इचारलं. तू आत गेलीस, पुस्तक आनलंस, उघडून बघितलंस, मग दिलंस. तो घेऊन गेला. मग एक बाई आली, तीबी घेऊन गेली. कुनाला तू अडवलं न्हाई. मी चौदा वर्सं फाटकावर हाय. कुनाला आत येऊ द्यायचं न्हाई, हे माझं काम. बंगल्यात पुस्तकांचं कपाट हाय, त्याची धूळ काचंवरनं पुसतो, किल्ली माझ्याकडं न्हाई. मला वाटलं तुझंबी तसंच. मी न बघता बोललो. ती राखन न्हाई. माझं चुकलं.

सोपाननं भाताच्या पुस्तकाचं सांगितलं. लोक हसले म्हनून सोडू नको. एकदा चुकली, आता उघडून बघतीस. मी बघितलं.

मास्तरीन झाली न्हाईस म्हनून तीन महिने मी तुझं नाव घेतलं न्हाई. त्या दिशी लोनावळ्यापासून पुन्यापत्तुर दुसरं कायच तोंडात आलं न्हाई.

आबा