दाराचा भुसा

अहो,

तुमची पेट्रोलवरची करवत अंदमानच्या तुमच्या लाकडाच्या डेपोत बोटीने परत पाठवायला खिदिरपूरच्या गोदीत जाते आहे. शकुनला बरोबर नेते. आम्ही दोघी परत येणार नाही.

तुम्हीच शिकवल्याप्रमाणे टाकी रिकामी केली आणि उरलंसुरलं पेट्रोल जळून मशीन बंद पडेपर्यंत चालवलं. तो आवाज ऐकून पोर पुन्हा पलंगाखाली शिरली. साखळी काढून पुसली, तर दातांत माझ्या पदराची चिंधी निघाली.

खोक्यात ठासून भरायला भुसा विकत आणावा लागला नाही. काल आम्ही आतून कडी लावली म्हणून तुम्ही जे दार कापलंत, त्याचाच पुरला. उरला तो तुमच्या ताटात वाढून झाकून ठेवला आहे.

सावकाश होऊ द्या.

कालिंदी