उलट्या निबंधाची वही

प्रिय शंकासुरा,

या नावाने आता तुला कोण हाक मारणार म्हणा! सरकारी वकिलाला असं म्हणायची कोणाची छाती आहे? पण 'साहेब' लिहिलं की पुढे हातच चालेना. तीन कागद फाडले.

राज्यशास्त्राच्या तासाला सगळे डुलक्या काढायचे आणि खिडकीजवळच्या बाकावरून तू मात्र शंका आहे म्हणत उठायचास. राज्य कशावर उभं राहतं, हा धडा आठवतो? एक विचारवंत म्हणे, भीतीवर. माणसं एकमेकांना फाडून खातील, म्हणून सगळ्यांनी मिळून एकाच्या हाती दंडुका द्यावा. दुसरा म्हणे, संमतीवर. आणि राजाने शब्द मोडला तर त्याला खाली उतरवायचा लोकांना हक्क आहे. तू पक्का दंडुकेवाला! म्हणून मुद्दाम तुला दुसऱ्याची बाजू लिहायला लावली. माझा नियमच तो, जे पटत नाही त्याचीच वकिली करायची. चार दिवस तोंड फुगवून बसलास आणि मग असा निबंध आणलास की मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. वही तुला परत दिलीच नाही. पुढच्या प्रत्येक वर्गाला नमुना म्हणून उतरवून घ्यायला लावायचे. त्यातल्या एका वर्गात माझी लेकही होती.

घरचं काय सांगू! ह्यांनी अंथरूण धरलंय, दार वाजलं तरी दचकतात. लेकीला तुरुंगात एकवीस दिवस झाले. मोर्चाला गेली होती, एवढंच. झडतीत तिच्या कपाटात शाळेत उतरवून घेतलेली दोन पानं सापडली, आणि ती म्हणे बंडाची चिथावणी. आरोपपत्र वाचलं मी. 'ज्याने शब्द मोडला, त्याचा हुकूम म्हणजे नुसता आवाज.' अरे, हे वाक्य तुझं आहे! आणि तेच तू तिच्याविरुद्ध कोर्टात वाचणार? ओळखलं नाहीस, की ओळखून गप्प बसलास?

हे म्हणतात, वही नेऊन कोर्टात आपट, त्याची नोकरी गेली तर गेली. खोटं कशाला बोलू, मी निघालेही होते. जिन्यावरून परत फिरले. तुला धाक घालून पोरगी सोडवायची, तर मग मीही दंडुकेवालीच की! शिवाय धाकाने उभा केलेला माणूस वरून मोठा दम आला की पुन्हा खाली बसतो.

म्हणून वहीच सोबत पाठवतेय. तुझं अक्षर, खाली माझा शेरा आणि तारीख. झेरॉक्स काढलेली नाही. जाळलीस तर माझ्याकडे काही म्हणजे काही उरत नाही आणि माझी लेक आत सडेल. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत. पाया पडते रे बाबा तुझ्या. सोमवारी अकरा वाजता मी कोर्टात मागच्या बाकावर बसलेली असेन. वही घेऊन ये, आणि वर्गात उठायचास तसा एकदा ऊठ.

तुझीच,
बाई