ताण म्हटलं की ताण

४ नोव्हेंबर, रविवार

पडले! डावा घोटा टम्म सुजलाय, तळहातांची सालटी निघाली. मोडलं काही नाही, नशीब.

कातळाच्या मध्यावर होते. उजव्या पायाखालचा दगड हलला. ओरडले, "ताण! ताण!" ताण म्हणजे खालच्याने दोर घट्ट ओढून धरायचा, ढील म्हणजे सोडायचा. गेल्या चार वर्षांत आम्ही नवरा-बायको हे दोन शब्द जितके बोललो असू, तितकं "जेवलीस का"सुद्धा नसेल. दोर सैलच राहिला. पुरुषभर खाली आले, तेव्हा कुठे तो आवळला.

खाली मास्तर पांढरेफटक. (शाळेत भूगोल शिकवतात ते. घरी मी त्यांना शिकवते, म्हणून मास्तर!) "वाऱ्यात ऐकूच आलं नाही गं," एवढंच म्हणत राहिले.

वारा होता. पण इतका?

६ नोव्हेंबर

लंगडतच चष्म्याच्या दुकानात, कामावर. आज चष्म्याला आलेल्या एका काकांनी तक्त्यावरची खालची ओळ पाठ करून ठेवली होती. तक्ता बदलला — सापडले! माणसं आपल्या डोळ्यांबद्दल फार खोटं बोलतात. कानांबद्दलही बोलत असतील का?

रविवारपासून पाळतच ठेवलीय. गॅस बंद करा म्हणून दोनदा सांगितलं. "काय?" टीव्हीचा आवाजही चढलेला वाटतोय. शेवटी विचारलं, "कान तपासून घेता का एकदा?" म्हटलं, आता फणफणणार. तर म्हणाले, "असेल. कानच असतील."

इतक्या सहज! पंचवीस वर्षांत माझं म्हणणं पहिल्यांदाच एका फटक्यात पटलं. मला हायसं वाटलं, खरं सांगायचं तर. कान गेले असतील तर यंत्र मिळतं. लक्षच नव्हतं म्हटल्यावर त्याला कुठलं यंत्र लावू?

९ नोव्हेंबर

नणंदेचा फोन. "आमच्या घरात कुणाचे कान गेलेले नाहीत हं वहिनी. तुझाच आवाज बसला असेल."

माझा आवाज! शेजाऱ्यांना विचार म्हणावं.

११ नोव्हेंबर, रविवार

घोटा बराच उतरला. सरावाच्या छोट्या कातळावर गेलो. वाटेत मी उपाय काढला — बोलायचंच नाही. हात वर केला की ताण, खाली केला की ढील. मास्तर एकदम उसळले. "खुणा नकोत. दोराला हिसके दे. एक हिसका ताण, दोन ढील."

"अहो, ऐकू न येणाऱ्याला खुणाच सोप्या नाहीत का?"

"नकोत म्हणून सांगितलं ना!"

माझ्यावर असे कधी ओरडत नाहीत. मग मीही इरेला पेटले. वर एका रुंद टप्प्यावर नीट उभी राहिले आणि हात उंच धरला. दहापर्यंत आकडे मोजले. दोर तसाच. हट्टी माणूस! मग एक हिसका दिला, तर लगेच ताण — असा की कंबरेत कळ आली.

१५ नोव्हेंबर

आमच्या गिर्यारोहण गटाची मोठ्या सुळक्यावरची चढाई २ डिसेंबरला. दोन वर्षं तिच्यासाठी घाम गाळलाय. आज जेवताना मास्तर ताटात बघत म्हणाले, "या वेळी गटातल्या दुसऱ्या कुणाबरोबर जा ना. चांगले लोक आहेत." मी म्हटलं, "दुसऱ्या कुणाच्या दोरावर मी जायची नाही." मोठ्या तोऱ्यात म्हटलं.

खरं म्हणजे आता त्यांच्याही दोरावर जायची भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं! पण सोडायचं तरी कसं? लेक शिकायला बाहेर गेली तेव्हा आम्ही रविवारी एका खोलीत बसून दोन वर्तमानपत्रं वाचायचो. एक शब्द नाही. डोंगर सुरू झाले आणि आम्ही पुन्हा बोलायला लागलो. ते गेलं तर पुन्हा ती खोली.

२० नोव्हेंबर

कानाचे डॉक्टर. मास्तरांना काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. एकही चुकलं नाही. "विशीतल्या पोराचे कान आहेत हो तुमच्या मिस्टरांचे!" डॉक्टर खूश. मास्तर हसले नाहीत.

म्हणजे ऐकू येतं. म्हणजे त्या दिवशीही —

नको नको ते मनात येतंय. त्याच्या आदल्या आठवड्यात आमचं कडाक्याचं भांडण झालं होतं. त्याचा राग? छे! पंचवीस वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याबद्दल असा विचार करणारी मी बाई आहे की कोण! पण विचार काही हटत नाही. स्वयंपाकघरात पाठमोरे उभे होते, मी दारातून अगदी हळू म्हटलं, "चहा?" म्हणाले, "अर्धाच."

२१ नोव्हेंबर

मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

२३ नोव्हेंबर

गटातल्या फोटोवाल्याने त्या रविवारचे फोटो पाठवले. माझा पाय सुटला त्याच क्षणाचा एक. खाली मास्तर — दोर हातात, मान वर, डोळे गच्च मिटलेले. म्हटलं, पापणी लवली असेल. जुने फोटो काढले, चार वर्षांचे. प्रत्येकात मी वर, ते खाली, मान वर, डोळे मिटलेले. आणि मी दिवसभर लोकांचे डोळे तपासते!

फोन मास्तरांपुढे धरला. म्हणाले, "तू वर असलीस की मला बघवत नाही गं. पहिल्या दिवसापासून. नुसत्या कानांवर सांभाळतो तुला."