खाऱ्या पाण्यातलं तिवस

बाबा,

श्रावण लागला की मी एक जुनं धोतर घेतो आणि खोलीत भिंतीला टांगलेलं ते लाकूड पुसतो. त्याच्यावर पांढरी भुकटी आलेली असते. पुसली की जाते, आठ दिवसांनी परत येते. तुम्हाला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तळ्याचं पाणी मात्र त्या लाकडातून अजून गेलेलं नाही.

मी खामगावला कॉलेजात होतो आणि संध्याकाळी एका ऑर्केस्ट्रात जायचो. ऑर्केस्ट्राचे मास्तर विजेवरची गिटार मला शिकवत. त्यांच्याकडे एकच होती, ती त्यांची. ते म्हणाले, पिकअप मी मुंबईहून आणून देतो, अंग तू करून घे, तुझा बाप सुतार आहे ना. पुढच्या वर्षीच्या गणपतीपर्यंत हात आणि वाद्य दोन्ही टिकले तर तुझी जागा पक्की. मी मास्तरांच्या गिटारीचं चित्र कागदावर काढून लोणारला आलो. तुम्ही कागद उलटासुलटा करून पाहिला.

"याले पोट कुठी हाये?"

"पोट नसते याले. आतून भरीव असते."

"मंग आवाज कुठून निंगते?"

मी सांगितलं, तारांच्या खाली पिकअप, म्हणजे चुंबक असतं, त्याच्याभोवती तांब्याची केसासारखी तार गुंडाळलेली असते, ती तारांचं थरथरणं विजेत बदलते. तुम्ही ऐकून घेतलं. तुमच्याकडे साखरखेर्ड्यापासून भजनी मंडळी ढोलकीची खोडं करून न्यायला यायची. पोट कोरल्याशिवाय वाद्य होतं हे तुम्हाला पटणार नाही असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "पोट नाई, म्हंजे सारं लाकडावर हाये. पोचट लाकूड तारीचा जोर खाऊन टाकते. कडक पाहिजे." हे मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं, मास्तरांनीही सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही मला फळ्यांसमोर उभं केलंत. बोट वाकवून एकेक ठोकायचं आणि कान लावायचा. आंबा ठक्क म्हणून गप्प होतो. सागवान बरं बोलतं, पण तेलकट बोलतं, असं तुमचं म्हणणं. शेवटी कोपऱ्यातलं तिवसाचं ओंडकं. ज्याची तुम्ही गाड्याची चाकं करायचात, ते. ठोकलं आणि आवाज घंटेसारखा लांबत गेला. तुम्ही माझ्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे असं फार वेळा पाहिलेलं नाही.

ओंडकं ओलं होतं. ओलं लाकूड तुम्ही दोन महिने विहिरीत बुडवून ठेवायचात, त्यातला रस निघून जावा आणि कीड लागू नये म्हणून. नंतर सावलीत वाळवायचं. तुमच्या बापाची तीच रीत होती. त्या वर्षी विहिरीत कळशी बुडेल इतकंही पाणी नव्हतं. चैत्रात एका सकाळी तुम्ही ओंडकं खांद्यावर घेतलं, मागचं टोक माझ्या खांद्यावर दिलं आणि आपण तळ्याच्या विवराची उतरण उतरायला लागलो. वास यायला लागला तेव्हा मला कळलं तुम्ही कुठे निघालात.

"बाबा, हे पानी खारं हाये."

"म्हनूनच. ज्या पान्यात मासोई जगत नाई, त्या पान्यात कीड काय जगन?"

"खार लाकडात राह्यली तर? तांबं खाऊन टाकीन ते. लोखंड बी."

तुम्ही ओंडक्याला दगड बांधत होतात. मान वर केली नाही. "तू पुस्तकं वाच. लाकडाचं मले सांगू नको."

हे वाक्य मी विसरलो नाही. त्यानंतर मी एम.ए. केलं, तीस वर्षं मराठी शिकवली, पुस्तकंच वाचली. वर्गात कुणी मला चूक दाखवली तर मी आधी ऐकून घ्यायचो. ते तुमच्यामुळे. तुमच्यासारखं व्हायचं नव्हतं म्हणून.

ओंडकं बाहेर काढलं तेव्हा काळं पडलं होतं. तुम्ही ते छपरात वाळवलं आणि दिवाळीच्या सुट्टीत माझ्यादेखत घडवलं. मानेवरच्या सुरांच्या आडव्या पट्ट्या सायकलच्या चाकाचे आरे कापून बसवल्या. तुमच्या हाताबद्दल मला काही बोलायचं नाही. हात चांगलाच होता. गिटार इतकी जड झाली की अडकवायच्या पट्ट्याने खांद्यावर वळ उठायचा. मास्तर हसले, म्हणाले, "वाजवायची, का हिला बैल जुंपायचे?"

मिरगाच्या पावसानंतर ती गुरगुरायला लागली. आधी थोडं, मग सूर खाली आणि गुरगुर वर. स्क्रू तांबूस झाले. लाकडाला हात लावला तर ओलसर लागायचं, ताप उतरताना माणसाचं अंग लागतं तसं. गणपतीत चिखलीला कार्यक्रम होता. दुसऱ्या गाण्यात माझी जागा आली, मी तार छेडली आणि काहीच आलं नाही. पुढचे लोक माझ्या हाताकडे पाहत होते. कुणीतरी ओरडलं, "अबे, बॅटरी भर याची!" सगळे हसले. मास्तरांनी त्यांच्या गिटारीवर माझी जागा भरली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. त्याच रात्री पिकअप उघडलं तेव्हा आतली तार हिरवी होऊन जागोजाग तुटली होती. महिन्याभरात माझ्या जागी अकोल्याचा एक जण आला. त्याच्याकडे दुकानातली गिटार होती.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी मी एस.टी.ने लोणारला आलो. तुमच्यापुढे एक शेतकरी वखराच्या दांडीसाठी बसला होता. मी गिटार तुमच्या पुढ्यात ठेवली.

"मुकं हाये तुमचं लाकूड."

तुम्ही ती उचलली. बोट वाकवून पाठीवर ठोकलं, कान लावला. "लाकूड बोलते. तुह्या तारीत खोट हाये."

"तार खारानं खाल्ली. मी सांगतलं होतं."

तो शेतकरी म्हणाला, "मिस्त्री, चाकं लावून द्या तिले. वाजली नाई तरी चालन." तुम्हीही त्याच्याबरोबर हसलात. बाबा, ते हसणं मी तुम्हाला माफ केलेलं नाही. चुकलं म्हणायला किती लागतं? तुम्ही वखराची दांडी तासायला घेतली. मी उभाच होतो. आईने आतून जेवायला हाक मारली, मी जेवलो नाही, परतीच्या गाडीने गेलो. त्यानंतर आपण घर, पीक, तब्येत इतकंच बोललो.

आता जे लिहितो ते मी कुणाला सांगितलेलं नाही. जागा गेली त्या हिवाळ्यात मी मास्तरांकडून पिकअपवर नवी तार गुंडाळून घेतली आणि आंब्याच्या फळीचं दुसरं अंग एका खामगावच्या सुताराकडून करून घेतलं. पिकअप तेच, तारा त्याच जातीच्या. विजेची दुरुस्ती करणारा एक जण म्हणाला होता, यात लाकडाचं काही काम नसतं, सगळं चुंबकात. मला ते खरं ठरायला हवं होतं. मी खालची जाड तार छेडली. सूर आला आणि लगेच बसला. पुन्हा छेडली, पुन्हा बसला. ठक्क म्हणून गप्प. मी ती फळी विकून टाकली आणि पुन्हा वाजवलं नाही.

तुमचं पाणी चुकलं होतं. लाकूड चुकलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी तुम्ही बाजेवर होतात. हातात काही धरवत नव्हतं. मी दोन दिवसांसाठी आलो होतो. तुम्ही मध्येच म्हणालात, "त्या तिवसाचं काय केलं?"

"हाये. ठेवलं."

तुम्ही छताकडे पाहत विचारलं, "एकदा बी नाई वाजलं, बरोबर?"

तुम्ही हे विचारायला किती वर्षं घेतली असतील ते मला कळत होतं. शेतकऱ्यासमोर हसलेले तुम्हीही मला दिसत होतात.

"नाई," मी म्हणालो.

तुम्ही भिंतीकडे तोंड केलं. महिन्याभरात गेलात.

हा कागद कुठल्या टपालात टाकायचा नाही. धोतराच्या घडीत राहील, पुढच्या श्रावणात हाताला लागेल. पण लिहून ठेवतो. गिटार घडवली त्या पहिल्या हिवाळ्यात, हवा कोरडी होती तेव्हा, मी खालची तार एकदा छेडायचो आणि मास्तर चहा ओतायचे, कप उचलायचे, पहिला घोट घ्यायचे, तरी तिचा सूर चालूच असायचा. एकदा त्यांनी विचारलं, कुठलं लाकूड आहे रे हे. मी म्हणालो, माझ्या बापाने निवडलं.

दिवाळीपासून मिरगापर्यंत वाजली, बाबा.