खाली जाळ, वर बरफ

१६ मार्च १९६४

तू काहीही म्हण, हिंमतदादा, किळस येते त्यात माह्या दोष नाही. नांदुऱ्याच्या कापसाच्या जिनात थुंकीनं लाल झालेल्या भिंती, हाटेलात दुसऱ्याच्या उष्ट्या कपात बोटं घालायची. तू म्हणतो, साऱ्याचीच घाण वाटते तर हवेवर जग बे. तर ऐकून घे. बिनघाणीची नोकरी भेटली मले. जळगाव जामोदच्या पल्याड, पहाडाच्या बुडाशी सरकारी दवाखाना आहे, तिथं शिपाई. तीन मोटारी बदलून आलो, अंगावर बोटभर धूळ, पण दवाखान्याचा नवाकोरा चुना पाह्यला, फिनेलचा वास आला, अन् जीव निवला. तू समोर नाहीस म्हणून वहीत भांडून राह्यलो. वही डॉक्टर साहेबांनी दिली, अक्षर सुधरव म्हणून. चौथीवाल्याचं अक्षर, किती सुधरणार.

माही बायको गीता अन् लेकरू तुह्या घरी खातात, त्याचे टोमणे पुरे. चांगुणाच्या जावळाचा खर्च मी पाठवीन. अन् जावळ निघाल्याबिगर पोरीले देवीची लस टोचायची नाही हे तुह्यं खूळ मी मुकाट्यानं सोसलं, तेही ध्यानात ठेव.

१९ मार्च

माह्या ताब्यात एक पांढरं कपाट आहे. त्याच्या बुडात घासलेटची वात जळते अन् वरच्या खणात बरफ धरतो. साहेबांनी तीनदा समजावलं, मले समजलं नाही, पण हात घातला तर खरंच गार. आत देवीच्या लसीच्या काचेच्या नळ्या, उदबत्तीच्या काडीएवढ्या. नांदुऱ्याहून बरफाच्या थर्मासात आल्या. साहेब म्हणाले, ही लस जिती असते. गरम झाली का मरते, अन् मेली तरी दिसते तशीच. म्हणून पाऱ्याच्या नळीवर त्यांनी लाल रेघ मारून दिली. पारा रेघेच्या वर जायले नको, दार दिवसातून दोनदाच उघडायचं, तेव्हाचा पारा कार्डावर लिहायचा, वातीची काजळी पुसायची. बस.

आत अन्नाचा एक दाणा नाही, एक माशी नाही. इतकी साफ जागा मी जल्मात पाह्यली नाही. उठलो का आधी तेच पुसतो. साहेब म्हणाले, निवृत्ती, नव्या नवरीलेही इतकं कोणी पाहत नाही रे.

२७ मार्च

पाणी भरणारी गोजरबाई वाकून वात पाहत होती. मग वरचं दार उघडं दिसलं, बरफ दिसला, अन् तिनं घागर खाली ठेवून हात जोडले. खाली जाळ अन् वर गारवा, म्हणे, हे तर शीतळामायचं घर. मले हसू आलं. तर म्हणे, हसू नका निवृत्तीभाऊ, तुम्ही तिचे पुजारी.

मले आजवर कोणी अहोजाहो केलं नाही, दादा. तू तर नाहीच. दुपारी ती चार बाया घेऊन आली, साहेब गावात नव्हते. दार जरासं उघडून दाखवलं. एकीनं आत हात घातला अन् गार बोटं पोराच्या कपाळाले लावली. जाताना उंबऱ्यावर पैसे ठेवून गेल्या. मी मागितले नव्हते.

२ एप्रिल

आता दहीभाताचे द्रोण येतात. बाया म्हणतात, मायले शिळं अन् गार लागते. आत ठेवू नका म्हटलं तर तोंड पाहतात माह्या, जसा मीच नास्तिक. ठेवतो, संध्याकाळी फेकतो. दही फुटते, पाणी गळते, आंबूस वास येते. मुंग्या लागल्या. दार किती वेळा उघडते ते मोजायचं सोडलं. पारा रेघेच्या दोन बोटं वर आहे. कार्डावर रेघेखालचाच आकडा लिहिला, अक्षर चांगलं काढून.

टोचणीवाले रंगराव आज नळ्या घेऊन वस्तीवर गेले. चाळीस लेकरं टोचली.

१० एप्रिल

आठव्या दिवशी रंगराव दंड पाहायले गेले. एकाही लेकराची टोचणी उठली नाही, फोड आला नाही. चाळीस दंड, कोरे. बाकावर बसून राह्यले, पाणीही नको म्हणाले. मग मले विचारलं, पारा वर गेलता का. मी नाही म्हटलं. कार्ड दाखवलं. ते म्हणाले, असं नीटस कार्ड मी कुठंच पाह्यलं नाही, लसच मागून खराब आली असन. नवी लस मागवली आहे, कधी येते देव जाणे.

द्रोण मी पोत्याखाली लपवले होते. वास दोघांनाही येत होता. त्यांनी उंदीर मेला असन म्हटलं. मीही हाव म्हटलं.

१६ एप्रिल

वस्तीवर देवी आली. सात घरं. साहेब अन् रंगराव दिवसभर तिकडंच.

बाया आता भात आणत नाहीत. फडकी आणतात, लेकरांच्या अंगाखालची. गार करून परत अंगावर टाकतात, म्हणतात आग शांत होते. कडक झालेली, पिवळी, कडेले कडूलिंबाचा पाला चिकटलेला. कुजलेल्या कांद्यासारखा वास. एक मी चिमट्यानं उचललं तर त्यातून खपल्या पडल्या, मसुरीच्या टरफलासारख्या. ओकलो. हात फिनेलनं इतके धुतले का कातडी निघाली. माह्या दंडावर लहानपणच्या टोचणीची खूण आहे, मले काही होत नाही. पण जेवण जात नाही.

नाही म्हणायचं ठरवतो. मग बाई दारात उभी राहते, म्हणते, पुजारीभाऊ, एकदाच.

२१ एप्रिल

हे कपाट आता पुसवत नाही. बरफावर पिवळी साय धरली. वास अंगरख्यात, भाकरीत, या वहीत.

तिघं लेकरं गेली म्हणतात. त्या चाळीसातलीच.

कार्ड लिहिलं.

२६ एप्रिल

आज एक बरं झालं. केसरबाई म्हणून बाई आहे, कोणाशी बोलत नाही. परवा येऊन खालच्या खणात एक टोपडं ठेवून गेली. पांढरं शुभ्र, झालरीचं, धुऊन घडी घातलेलं. त्या साऱ्या घाणीत ते एकच साफ होतं. दोन दिवस तसंच राह्यलं, घ्यायले कोणी आलं नाही. देवीले वाहिलेलं कोण परत घेते.

चांगुणाले शोभीन. जावळ आठ दिवसांवर आलं. टोपड्यातच पैसे बांधले अन् आपल्या गावचा कडूबा मोटारीवर कंडक्टर आहे, त्याच्याजवळ दिलं. निरोप दिला का डोक्याले थंड राहीन, आतापासूनच घाला. दादा, म्हण आता, निवृत्ती काही पाठवत नाही.

३० एप्रिल

नवी लस आली. रंगरावांनी स्वतः कपाट उघडलं.

फडकी काठीनं बाहेर काढली, घासलेट ओतून जाळली. खालच्या खणात बारीक खपल्या सांडलेल्या. त्यांनी विचारलं, इथं काय होतं. टोपडं, म्हटलं, पण ते तर साफ होतं. ते म्हणाले, केसरबाईच्या पोराचं. शेवटपर्यंत त्याच्या डोक्यावर होतं. बाईनं वरून धुतलं, झालरीच्या आत कोण पाहते.

मग हळूच म्हणाले, गारव्यात लस टिकते ना, तशी खपलीही टिकते, बे. तू लस मारली अन् रोग जपला.

टोपडं कुठं आहे विचारलं. मी —

१ मे

मोटार नाही. साहेब झेंडावंदनाले बुलढाण्याले. जळगावपर्यंत पायी निघालो, अर्ध्यातून रंगरावांनी फिरवलं. माह्या अंगावरच्या कपड्यात, म्हणे, तेच आहे. कपडे जाळले. तार करतो म्हणाले.

हाताले वास. धुतले. वास.

२ मे

कडूबानं तुह्यी चिठ्ठी आणली, दादा. टोपडं बरोबर बसलं लिहितो. पोरगी काढू देत नाही. झालर चोखते. जावळ परवा. पहिल्यांदा लिहिलं तू, का शाबास निवृत्ती —

काढ. आधी ते काढ डोक्यावरून. चुलीत घाल. तुह्यं खूळ बाजूले ठेव, आजच टोचून आण, रंगराव म्हणतात अजून वेळ आहे, थोडा आहे. ताजी लस, बरफातली, दार उघडलं नसन अशा —

गीताले सांग हात —

अन् पैसे. तेही त्यातच बांधलेले होते. पोरीच्या हातात खेळायले दिले असतीन तर — उकळत्या पाण्यात टाक. मोजून टाक, एकही घरात राह्यले नको. मी पाठवले ते सव्वा अकरा रुपये —