हिल्डाचं हसू

क्लाइव,

विभागीय स्पर्धेचा करंडक तुझ्याच घरी ठेव. मी आजारी असताना माझी फिल्म तू परस्पर कापून स्पर्धेला पाठवलीस, वर मलाच शहाणपण शिकवलंस: "विल्फ, बाई थेट कॅमेऱ्यात बघून हसतात. परीक्षक गुण कापतात हो."

"आणि कापलेला तुकडा?"

"केरात गेला," म्हणालास, चहात बिस्किट बुडवत.

अरे गाढवा, आपल्या आठ मिलिमीटरच्या फिल्मला दुसरी प्रत नसते, हे फिल्म क्लबात मीच तुला शिकवलं. माझी बायको गेल्यावर तिचं हसू तेवढ्या तुकड्यातच उरलं होतं.

हे पत्र टाकलं तर तू क्लब सोडशील, म्हणून खणातच ठेवतोय. पण हिल्डा कॅमेऱ्यात बघतच नव्हती रे. कॅमेऱ्यामागे मी होतो.

तुझ्यावर भयंकर चिडलेला,
विल्फ