आठ जूनचं आकाश

फैजपूर, २२ जून २०२५

प्रिय वृषाली,

तो तारा कधी पेटणार, हे मला अजूनही सांगता येत नाही. आई रोज संध्याकाळी विचारते. कॉलेजच्या गच्चीवरून मी घरी येऊन चपला काढते न काढते, तोच स्वयंपाकघरातून आवाज येतो, "पेटना का व माय?" ती धुळ्याकडची, इथे येऊन तीस वर्षं झाली तरी तिची अहिराणी सुटलेली नाही. मी म्हणते, नाही, अजून नाही. मग उद्या पेटेल, असं म्हणून ती तव्यावरची भाकरी उलटते. शास्त्रज्ञांनी आधी सप्टेंबर सांगितला, मग मार्च. दोन्ही होऊन गेले. आईचा अंदाज काही त्यांच्यापेक्षा फार वाईट नाही.

तुझ्या लग्नानंतर गच्चीवर मी एकटीच असते. त्या ताऱ्याचा तारकासमूह, उत्तर मुकुट, आता जेवणाच्या वेळेआधीच डोक्यावर येतो, तसाच, अर्ध्या फुटलेल्या बांगडीसारखा. हितेंद्र सरांनी पहिल्या दिवशी फळ्यावर दोन गोळे काढले होते ते तुला आठवतं का? एक फुगलेला तांबडा तारा, दुसरा पृथ्वीएवढा लहान, विझत आलेला. लहाना मोठ्याचा वायू ओढून स्वतःच्या अंगावर साठवत राहतो आणि साधारण ऐंशी वर्षांनी एकदा भडकतो, मग चार-सहा दिवस नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तू माझ्या कानात म्हणाली होतीस की आमच्या काकूचं असंच आहे, वर्षभर गप्प आणि आखाजीच्या सणाला सगळे जमले की एकदम. मला हसू आवरेना आणि सरांनी मलाच उभं केलं.

आणि शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करायची ती पद्धत. एक शेजारी आपल्या ताऱ्याहून तेजस्वी, एक मंद, दोघांच्या मधे आपला कुठे बसतो ते डोळ्यांनी ठरवून आकडा लिहायचा. आईला सांगितलं तर म्हणाली, "शेजारणीसंगे तुलना? आपली गल्लीमा ते रोजच चालस." विषम तारखा माझ्या, सम तुझ्या. रजिस्टरमध्ये आकड्यापुढे आपापलं अक्षर, द किंवा व. ढग असले तरी गच्चीवर जायचं आणि 'ढगाळ' लिहायचं, आणि महिन्यात पाचपेक्षा जास्त दिवस चुकले तर नाव यादीतून कमी, मग प्रमाणपत्र नाही. सरांचा नियम तेवढाच होता, पण कडक.

आपल्या वर्गातली शिल्पा धुळ्याला जाते-येते, तिच्याकडून तुझी खबर कळते. देवपूरच्या तुमच्या घरात ते प्रमाणपत्र काचेत लावलंय आणि तुझ्या सासूबाई आल्या-गेल्याला दाखवतात, आमच्या सुनेनं तारे मोजलेत म्हणून. शिल्पाने त्यांची नक्कल करून दाखवली तेव्हा मी हसले, पण रात्री जेवण गेलं नाही. ते का, ते लिहिण्यासाठीच मी इथवर आले आहे आणि अजून आडवळणानेच चालले आहे.

गेल्या वर्षीचा मे-जून आठव. तुला बघायला पाहुणे येत होते आणि तुझ्या नानांनी तुझं संध्याकाळी बाहेर पडणं बंद केलं होतं. तू निरोप धाडलास की चार दिवसांत येते, आणि मी माझ्या तारखांना दोन खुर्च्या मांडत राहिले. पंधरा जूनला सर रजिस्टर बघणार होते. तुझ्या अकरा तारखा कोऱ्या होत्या. तुझं नाव यादीतून जाईल आणि मग लग्नाआधी मिळायची होती ती एवढीशी गोष्टही जाईल, असं मला वाटलं. मी एका बैठकीत त्या अकरा ओळी भरल्या. आदल्या दिवशीच्या माझ्या आकड्यात थोडं कमी-जास्त करून, पुढे 'आकाश स्वच्छ' आणि तुझं व. तुला कधी सांगितलं नाही. मला तेव्हा ते मैत्रिणीचं काम वाटलं होतं. आमच्या घरात पहिली पदवी माझी, खोटं कधी बोलत नाही म्हणून आबा चारचौघांत माझं नाव घेतात, आणि मला ते खोटं आहे असं वाटलंसुद्धा नाही.

या महिन्यात पुण्याच्या एका संशोधन गटाने सरांकडून आपली सगळी नोंद मागवली. दीड वर्षात एकही दिवस मोकळा नाही, याचं त्यांना फार कौतुक. नोंद ठेवणाऱ्या मुलीला प्रकल्पावर घेऊ, असं त्यांनी कळवलं. मी घरी बसून रजिस्टर संगणकावर उतरवत होते, तारखा मोठ्याने वाचत. आबा केळीच्या कापणीवरून येऊन हात धूत होते. मी वाचलं, आठ जून, आकाश स्वच्छ. आबा थांबले. म्हणाले, "आठ जूनला? कोणत्या गावचं आकाश ते?" त्या संध्याकाळी वादळाने सगळे मळे आडवे केले होते, वृषाली. घड लगडलेली झाडं मधोमध मोडली होती आणि आबा भिजून, डोक्याला गोणपाट लावून घरी आले होते. इथल्या लहान पोरालाही ती तारीख पाठ आहे. मी मात्र दार लावून आत बसले होते आणि आठवड्याने लिहिलं, आकाश स्वच्छ. आबा टॉवेल घेऊन ओट्यावर गेले.

पुण्याच्या जागेचा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही. आठ जून तेवढा 'ढगाळ' करून टाकावा, हेही मनात आलं. पण दोन वर्षांपूर्वी हा तारा मंद झाला तेव्हा तो पेटायच्या बेतात आहे हे लोकांना का वाटलं? मागच्या वेळीही तो पेटण्याआधी असाच मंदावला होता, म्हणून. आणि ते कळलं, कारण १९४५ मध्ये आपल्यासारखीच साधी माणसं दुर्बिणीला डोळा लावून बसली आणि दिसलं ते लिहून गेली. त्यांना आज कोणी विचारू शकत नाही, फक्त विश्वास ठेवू शकतो. अजून ऐंशी वर्षांनी कोणीतरी आपलं रजिस्टर उघडेल. त्याला विचारायला आबा ओट्यावर नसतील.

परवा मी सरांकडे गेले आणि त्या अकरा ओळी तुझ्या नाहीत, माझ्या आहेत, तुला त्यांचा पत्ताही नव्हता, असं सांगितलं. सरांनी चष्मा पुसून संगणक माझ्यापुढे सरकवला. मग त्यांच्याच टेबलावरून मी पुण्याला तसंच कळवलं. ती जागा आता मिळणार नाही, असं धरून चालले आहे. नियमाने तुझं प्रमाणपत्रही परत मागावं लागेल, म्हणून सर तुला या आठवड्यात फोन करतील. तो फोन येण्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. मामा उद्या सकाळच्या गाडीने धुळ्याला येतोय, त्याच्या हाती देते. सासूबाईंपुढे माझं नाव घे, सगळं माझ्यावर टाक, ते खरंच आहे. तू खरोखर पाहिलेल्या ओळी मी पुन्हा पुन्हा मोजल्या, त्र्याऐंशी आहेत, आणि त्या तशाच राहतील. बाकीच्या अकरांवर मी एकेक रेघ मारली आहे, खालचा आकडा वाचता येईल अशी, आणि प्रत्येकीपुढचं व खोडून लिहिलं आहे: पाहिलं नाही, द.

तू ठेवशील तशी, तुझीच
दिपमाला